बाटल्या जेवल्या होत्या

रस्त्यात उतारा दिसला की त्यातलं लिंबू मुद्दाम लाथेनं उडवणारा माणूस मी! तुम्हा मंडळींचे इथले किस्से वाचून मनसोक्त हसलोय, खोटं कशाला बोलू... म्हणूनच स्वतःचा लिहायला इतकी वर्षं लागली. यात पैंजण नाहीत, वडाचं झाड नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. यात जिवाणू आहेत. हसा बापडे.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी कोल्हापुरात पीएच.डी. करत होतो. पंचगंगेकाठची मळी, म्हणजे दर पावसाळ्यात पुराखाली जाणारी जमीन, तिच्या गाळात मिथेन खाणारे जिवाणू असतात... माझा विषय तो. गाळात पालापाचोळा कुजतो, मिथेन गॅस तयार होतो आणि वर यायला बघतो. वरच्या थरातले हे जिवाणू त्यातला बराचसा हवेत जायच्या आत फस्त करतात. त्यांना लागतं काय, तर मिथेन आणि हवा. बास. मी तिथला गाळ आणून रबरी बुचांच्या बाटल्यांत हे जिवाणू वाढवले होते. पुढच्या उन्हाळ्यात वीटभट्टीवाल्यांनी ती मळीच खणून नेली. आता जे काही होतं ते माझ्या बाटल्यांत. ते मेले की माझी पीएच.डी.सुद्धा मेली.

प्रयोगशाळेत जागेची बोंब, म्हणून बाटल्या शिवाजी पेठेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, लाकडी कपाटात. आणि मिथेनचा सिलिंडर मागितला की आमचे सर छताकडे बघायचे. मग मला आठवला घरचा गोबर गॅस!

घर आजऱ्याजवळ. तिथं आई एकटी. वडील मी शाळेत असतानाच गेले, भावंडं नाहीत. पेठेतल्या पोरांकडून फुटबॉलचे दोन जुने ब्लॅडर मागून घेतले आणि आईला शिकवलं — शेगडीची नळी काढायची, गॅस चुन्याच्या निवळीतून बुडबुडत न्यायचा, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड जातो, आणि ब्लॅडर भरायचा. ती ब्लॅडरचं तोंड लुगड्याच्या चिंधीनं आवळून बांधायची आणि एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. भरलेला ब्लॅडर स्टँडवर उतरवून घ्यायचा, रिकामा परत पाठवायचा, असं आमचं चालायचं. कंडक्टर खिडकीतून ओरडायचा, "ओ पावणं, मॅच कधी हाय?"

तिला या सगळ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी शेजाऱ्यांच्या फोनवर फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला.

"जेवली का रं तुझी पोरं?"

"जेवली."

"समदी?"

"व्हय की गं, समदी!"

"आन् तू?"

मी "जेवलो" म्हणायचो. बऱ्याचदा चहा-बटरवर भागवलेलं असायचं, पण कोल्हापुरात मला एवढं विचारणारं दुसरं होतं कोण?

मग एके सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या आई गेली. निरोप आला तसा मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो, खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात. भरलेला ब्लॅडर त्या आठवड्यात यायचा होता, तो आलाच नाही. कार्य आटोपलं आणि मला कावीळ झाली. चुलत्यांनी हलू दिलं नाही. महिन्याच्या वर गेला. म्हैस ते घेऊन गेले, शेण बंद, गोबर गॅस बंद. मी अंथरुणात पडून भिंतीकडे बघायचो. बाटल्या संपल्या हे मी धरूनच चाललो होतो. आणि लोक कुजबुजायचे, पोरगा रडला न्हाय...

परत आलो ती दुपारची वेळ. खालच्या मालकीणकाकी म्हणाल्या, "आरं किती वाळलायस! घोटभर च्या तरी घे." नको म्हणून वर गेलो. कुलूप जसंच्या तसं. आत जमिनीवर धूळ. रिकामा ब्लॅडर खिळ्याला तसाच लोंबत होता.

बाटलीची भूक कशी ओळखतात सांगतो. रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या अर्ध्यावर ओढून ठेवायचा आणि बुचातून सुई आत टोचायची. जिवाणूंनी गॅस खाल्लेला असला की आत पोकळी होते आणि सिरिंजचा दट्ट्या आपोआप आत ओढला जातो. पोट भरलेलं असलं की तो बाहेर येतो.

मी सुई टोचली. दट्ट्या सरळ वर येऊन माझ्या तळव्याला टेकला.

दुसरी बाटली, तसंच. तिसरी, तसंच. एकूण एक बाटली भरलेली!

डोकं ताळ्यावर ठेवायचं म्हणून मी म्हटलं, आत काहीतरी कुजून गॅस झाला असेल. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या गॅस मोजायच्या मशीनवर तपासलं. मिथेन होता आणि ऑक्सिजनही होता. कुजून ऑक्सिजन होत नसतो हो! ताजी हवा आणि ताजा गॅस कुणीतरी भरला होता. जिवाणू ठणठणीत.

सर म्हणाले, "तूच भरून गेला असशील. दुःखात माणूस विसरतो." अहो, पण भरणार कशानं? गॅसच नव्हता. आणि भरला असता तरी आठवड्याभरात त्यांनी सगळा खाऊन टाकला असता. काकींना विचारलं तर त्या उखडल्याच, "कुलूप तुझं, किल्ली तुझ्याजवळ. वर कोण तडफडणार हाय?"

मग मी एक वेडेपणा केला. बाकीच्या बाटल्या पेठेजवळच्या एका गोठ्याच्या गोबर गॅसवर जगवल्या आणि एक मुद्दाम उपाशी ठेवली. कपाटात, तिच्याच जागी. रोज कुलूप लावून जायचो आणि परत येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचो. महिन्यानं सुई टोचली.

दट्ट्या सुळ्ळकन आत गेला.

तिथंच जमिनीवर बसलो आणि आई गेल्यावर पहिल्यांदा रडलो. काकी धावत वर आल्या इतका मोठ्यानं. मग उठून त्या बाटलीतही गॅस भरला. जगली ती.

पीएच.डी. झाली, नोकरी लागली, आज मीच पोरांना हे जिवाणू शिकवतो. त्या महिन्यात बाटल्या कुणी भरल्या, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्याकडे असलं तर सांगा, वाद घालणार नाही.

पण गावाहून परत आलो त्या दुपारी कपाट उघडं टाकून मी बराच वेळ खोलीत उभा होतो, एक प्रश्न ऐकायला. पोरं जेवली होती, समदी... मी सकाळपासून उपाशी होतो. पुढचं कुणी विचारलं नाही.