आपोआप फिरणारा बाण

निवृत्त होऊन घरी बसलो, तरी रेवदंड्याच्या खाडीकडचं ते घर अजून डोक्यातून गेलेलं नाही.

एका दुपारी पोलीस ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, नाव सांगितलं नाही. अमुक घरातल्या सुनेला आज माहेरी हाकलणार आहेत, लवकर या, एवढं बोलून फोन बंद. ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद घेतली आणि मी एका हवालदाराला घेऊन निघालो.

घर होडीमालकाचं. सून माणगावकडची, भातशेती करणाऱ्या कुटुंबातली. लग्न दोघांनी स्वतः जमवलेलं. ती ओटीवर भरलेली पिशवी घेऊन बसली होती. भोवती शेजारणी जमलेल्या.

कारण असं. नणंदेचं लग्न ठरलं होतं. आदल्या सकाळी या घरच्या संगणकावरून मुलाकडच्यांना ईमेल गेला, की आम्हाला ही सोयरीक नको. त्यांनीही लगेच मोडली. त्या वेळी नवरा समुद्रात, सासू बाजारात, नणंद बंदरावर जवळा सुकवत होती. घरात एकटी सून.

ती म्हणाली, "साहेब, मी भात टाकत होते. आत डोकावले तर पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता."

सासू म्हणाली, "बाण फिरतंय म्हनं. उद्या चूल आपोआप पेटंल."

हवालदाराने व्हायरसचा तर्क लावला. नवऱ्याला मात्र कोडं वाटलं नाही. होडीचे कागद बंदरावरून पाहता यावेत म्हणून त्याने फोनवरून घरचा संगणक चालवायची सोय केली होती. तो अंगणात उभा राहून फोनवर बोट फिरवू लागला आणि आत बाण सरकला. सासूने संगणकाला हात जोडले. हवालदारही जरा मागे झाला.

म्हणजे ज्याच्या हाती फोन, त्याने ईमेल पाठवला. मी नवऱ्याला विचारलं, काल फोन कुठे होता?

"माझ्याजवळच. दुसऱ्या कुनाला देत न्हाय मी."

तो तर समुद्रात होता, आणि तिथे रेंज नसते. काही जुळेना. तेवढ्यात ठाण्यातून कळलं, की दुपारचा फोन ज्या नंबरवरून आला तो याच्याच होडीवरच्या खलाशाचा. खलाशी पहाटेच दर्यावर गेलेला, आणि आवाज बाईचा. मी आणखीच गोंधळलो.

नवरा म्हणाला, "त्याचा फोन बंदरावर डब्यात आसंल. खाऱ्या पाण्यानं मरतो, म्हनून आमी सगले डब्यात ठेवतो."

"डबा कोण सांभाळतं?"

"भैन."

"मग काल तुझा फोन?"

"डब्यातच. पन ती घरचीच हाय ना साहेब."

बहिणीला बोलावलं. जास्त विचारावं लागलं नाही. भावाच्या फोनचं कुलूप तिला ठाऊक होतं. मुलाकडच्यांशी पत्रव्यवहार संगणकावरून चाले, म्हणून तिने नकारही तिथूनच पाठवला. वहिनी घरात एकटी असेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पिशवी भरलेली पाहून ती घाबरली आणि खलाशाच्या फोनवरून ठाण्यात कळवलं तेही तिनेच.

भाऊ म्हणाला, "लगीन नको त मला सांगायचा व्हता."

"सांगितला व्हता. तू हासलास."

सासूने सुनेची पिशवी उचलून आत न्यायला घेतली. सुनेने ती धरून ठेवली. शेजारणी एव्हाना पांगल्या होत्या. ती म्हणाली, "ज्यांच्यासमोर मला चोर ठरवलंत, त्यांना आधी बोलवा."

सासू पदर खोचून स्वतः घरोघर बोलवायला गेली.

गुन्हा नोंदवला नाही. कुणाविरुद्ध नोंदवणार, हेच मला कळत नव्हतं. पण त्यानंतर 'घरात एकटा कोण होता' हा प्रश्न मी कधी पहिला विचारला नाही. वस्तू कुणाला दिली होती, हेही नाही. विचारायचो, की कुणाकडे ठेवलेली वस्तू तुम्हाला स्वतःजवळ असल्यासारखीच वाटते? त्या माणसाचं नाव लोक शेवटी घेतात. बहुधा त्याचं म्हणणंही घरात शेवटीच ऐकलेलं असतं.