रिकामी मान

“मान बघा, मान! शेपटी काय बघताय?” कुणालाही काचपेटीपुढे उभं करून आमचे सापवाले काका हेच म्हणायचे. वर स्वतःची मान अशी काही वाकवून दाखवायचे की तुम्ही तिथे असतात तर तुमच्याही अंगावर काटा आला असता.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी जपानात, त्सुकुबाला आले आणि काकांच्या प्रयोगशाळेत बाइतो धरला. म्हणजे तासावरचं काम, पेट्या धुवायच्या. काका पुण्याचे, साठी उलटलेली. काकू तिकडेच.

एका पेटीत यामाकागाशी होती. इथल्या भातखाचरातली सापीण. ही खरखरीत कातडीचे विषारी बेडूक गिळते आणि त्यांचं विष मानेत साठवते. मग कुणी अंगावर आलं तरी पळत नाही. मान वाकवून पुढे करते, घे, चाव म्हणते. बेडूक मिळाले नाहीत तर मान रिकामी राहते, आणि मग मात्र ती पळ काढते.

“तिला ठाऊक असतं हो, आपल्या मानेत काय आहे ते!” काका हळूच सांगायचे. ते ऐकल्यापासून पेटीकडे पाठ करायला मला भीती वाटायची.

ही सापीण सहा वर्षं नुसत्या मासळीवर होती. मी झाकण काढलं की कोपऱ्यात पळायची, बिचारी. काका निवृत्त होऊन परत निघाले तेव्हा तिला खाचरात सोडायचं ठरलं.

“लेकीला कुणी रिकाम्या गळ्यानं सासरी धाडतं का?” म्हणाले, आणि तिला बेडूक आणून घालू लागले.

चौथ्या बेडकाच्या वेळी तिनं त्यांचं बोट धरलं. सोडेचना. मी किंचाळले. काकांनी शांतपणे बोट सोडवून नळाखाली धरलं. दुखत नव्हतं, सूजही नव्हती.

“काका, दवाखान्यात चला ना!”

“अगं, दाढेतलं विष वेगळं, तिचं स्वतःचं, आणि ती दाढ पार घशापाशी. तिथवर बोट गेलंच नाही. हिला मी जास्त ओळखतो की तू? आणि काकूला चकार शब्द सांगायचा नाही. डोकं जरा चढलंय, घरी जाऊन पडतो.”

संध्याकाळी काकूंचा फोन आलाच. “हे फोन उचलत नाहीत गं. बरे आहेत ना?”

“मजेत आहेत, काकू.”

माझी जीभ कशी झडली नाही!

हे विष उशिरा बोलतं. सकाळी दात घासताना काकांच्या हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेना. बोटावरची दातांची टिंबंही पुन्हा वाहू लागली. दवाखान्यात उतारा दिला, पण फार उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी काका गेले.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी मी पेटी घेऊन खाचराच्या बांधावर गेले. काकांचं तेवढं एक काम राहिलं होतं. झाकण काढलं. वाटलं, आता पळेल.

ती सावकाश बाहेर आली, माझ्याकडे वळली आणि तिनं मान वाकवून पुढे केली. अगदी काका करून दाखवायचे तश्शी.

मी हात जोडले. “माझं चुकलं हो, काका,” मी मोठ्यांदा म्हणाले. “मी सांगायला हवं होतं.”

ती तशीच होती, हलली नाही. शेवटी पळाले ती मीच.