त्या टर्फला हेमाचं नाव नको

हेमा गेल्याचं मला तिच्या भावाने फोनवर सांगितलं. सकाळी बँकेत जायला निघाले होते. ‘ताई गो, हेमी गेली...’ एवढंच म्हणाला. वर्षभर कॅन्सरचं दुखणं चालू होतं, बातमी कधीतरी येणार हे ठाऊक होतं, तरी मी जिन्यातच बसले. दुपारी तिला पोचवून परत येताना नाक्यावर फ्लेक्स लागलेला दिसला. ‘क्रीडाशिक्षिका हेमा मयेकर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ फोटोत हेमा हसत उभी, आणि पायाखाली हिरवंगार कृत्रिम गवत. तो फोटो खोटा होता. हसणारी हेमा कुठल्या तरी स्नेहसंमेलनातली होती, तिला कापून त्या टर्फवर चिकटवली होती. आणि खाली त्याच माणसांची नावं, ज्यांनी तिला त्या मैदानावरून बाहेर काढलं. रिक्षा थांबवून तो फ्लेक्स फाडावा असं वाटलं. फाडला नाही. राग निवळला की लिहीन म्हणून काही आठवडे थांबले... निवळला नाही.

आम्ही कॉलेजात एका वर्गात. मुलींनी खो-खो खेळावा, फार तर कबड्डी, असं तेव्हा सगळे धरून चालत. हेमा मुंबईच्या चुलतभावांकडून फुटबॉल शिकून आली आणि आम्हाला अक्षरशः ओढत मैदानावर घेऊन गेली. मैदान म्हणजे कातळावर माती पसरून केलेली सपाटी. पावसात चिखल, दिवाळीपर्यंत गवत, मे महिन्यात नुसता लाल धुरळा. चेंडू कुठे उसळेल, कुठे अडेल, काही भरवसा नाही. मी कुरकुरले की ती ओरडायची, ‘चेंडूकडे बघ गो! मैदानाला शिव्या घालून गोल होतो काय?’ पुढे ती त्याच मैदानाच्या शाळेत क्रीडाशिक्षिका झाली आणि तिने मुलींचा संघ उभा केला. दर पावसाळ्यात मुलींना घेऊन ती हरळी लावायची. उन्हाळ्यात करपायची, ही पुन्हा लावायची. शेवटी ते मैदान बऱ्यापैकी हिरवं राहू लागलं. पडलं तरी फारसं लागत नसे.

मग संस्थेने टर्फ आणायचं ठरवलं. हेमाचा त्याला विरोध होता, असं आता सांगितलं जातं. साफ खोटं आहे. सभेला पालक म्हणून मी हजर होते. ती उठून म्हणाली, ‘आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो. टर्फ झालं तर मुली पावसातसुद्धा खेळतील, मला हवंच आहे. पण शेजारच्या मोकळ्या जागेत करा, गवत उखडू नका. आणि भर उन्हात त्यावर कुणाला उतरवू नका, ते तापतं. बूटही वेगळे लागतील.’ अध्यक्षांनी मान डोलावली. मेच्या सुट्टीत ती आईकडे दापोलीजवळ मुरुडला गेली होती, तेवढ्यात जेसीबीने हरळी खरवडून काढली. शेजारच्या जागेत गाड्यांचं पार्किंग झालं.

सुरुवातीला मुली खूश होत्या. पास सरळ जायचा, चेंडू दगडाला लागून वाकडा व्हायचा नाही. हेमासुद्धा म्हणाली, ‘खेळ वेगवान झाला हो!’ पण तो वेग सांभाळायला वेगळी सवय लागते. घसरून चेंडू काढायला गेलं की मांडीचं सालटं निघायचं, भाजल्यासारखं. आणि पाय... ती मला समजावून सांगायची, ‘गवतावर वळताना पाय थोडा सरकतो, मातीचं ढेकूळ निघतं, पण गुडघा वाचतो. इथे बूट रुतून बसतो आणि वरचं अंग फिरतं.’ टर्फवर लागणारे आखूड खिळ्यांचे बूट तिने पुन्हा पुन्हा मागितले, मिळालेच नाहीत.

एप्रिलच्या एका दुपारी प्रदर्शनी सामना ठेवला. ‘संध्याकाळी ठेवा,’ हेमा म्हणाली. तर पाहुण्यांना संध्याकाळी चिपळुणात पोचायचं होतं. ‘मग निदान पाणी तरी मारा.’ तर मांडवातला गालिचा भिजेल! रेश्मा ही तिची सगळ्यात चांगली खेळाडू. वडील लोट्याला कंपनीत पाळीवर, आठवड्याने घरी येणारे. ती चेंडू घेऊन वळली, पाय तिथेच राहिला आणि गुडघा फिरला. तिची किंकाळी माईकवरच्या स्वागतगीतातूनही ऐकू आली. गाणं थांबलं नाही. हेमा मैदानात धावली, रेश्माला उचलून घेतलं आणि दोन्ही संघांना बाहेर बोलावलं. अध्यक्ष खाली आले. ‘बाई, खेळात असं व्हायचंच. पाहुण्यांसमोर शोभा करू नका.’ हेमा म्हणाली, ‘शोभा तुम्ही केलीत साहेब. मी मुली घरी नेते.’

डॉक्टरांनी सांगितलं की असा गुडघा गवतावरही जाऊ शकतो. ‘जाऊ शकतो ना,’ हेमा म्हणाली, ‘म्हणून तर काळजी घ्यायची असते.’ आठवड्याभरात तिच्याकडून संघ काढून घेतला. कारण, शिस्तभंग. संध्याकाळी टर्फ भाड्याने जाऊ लागलं आणि मुलींच्या वाट्याला दुपार आली.

मुली दुपारी गेल्या नाहीत. त्या हेमाकडे गेल्या आणि हेमाने त्यांना भाट्याच्या किनाऱ्यावर आणलं. माझं घर तिथून जवळ. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, ‘पाणी किती गेलंय गो?’ ओहोटीला पाणी मागे हटलं तरच खेळायला वाळू मिळायची, म्हणून मी गच्चीवर जाऊन बघायची आणि सांगायची. ओल्या वाळूवर चेंडू जेमतेम पळतो, पोटऱ्या भरून येतात. तरी ती शिकवत राहिली. औषधांनी केस गेले तेव्हा डोक्याला रुमाल बांधून, खुर्चीवर बसून ओरडायची.

शोकसभेत अध्यक्षांनी जाहीर केलं की टर्फला ‘हेमा मयेकर क्रीडांगण’ असं नाव देणार, आणि उद्घाटनाचा सामना मुली खेळतील. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी उठणारच होते, पण त्याआधी रेश्मा उठली. अजून थोडी लंगडते. ‘बाईंना तुम्ही तिथून हाकललंत,’ ती म्हणाली. ‘आता नाव कशाला देताय? आम्ही नाही खेळणार.’ अध्यक्ष म्हणाले, ‘बाळ, तुझ्या भावना आम्ही समजू शकतो.’ ‘भावना नाहीत सर. खरं सांगत्येय.’ एकेक करून सगळ्या मुली तिच्यामागून बाहेर पडल्या, आणि मीही.

पाटी तरीही लागली. उद्घाटनाला कुठल्याशा अकादमीची मुलं बोलावून सामना उरकला. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात आमची एकही मुलगी नाही.

मी अजून रविवारी सकाळी चहाच्या आधी गच्चीवर जाते. पाणी किती गेलंय ते बघते, आणि सांगायला आता कुणी नाही हे मग लक्षात येतं. परवा अशीच उभी होते तर फोन वाजला. रेश्मा होती. ‘मावशी, पाणी किती गेलंय?’

मी कठड्याशी जाऊन पाहिलं आणि सांगितलं. ‘बरंच गेलंय. या लवकर.’