मी दान केलेले गल्लीचे गंज

करीमभाई कल्हईवाल्यांनी मला त्या दिवशी वाचवलं, हे आधी लिहून ठेवते. पुढचं वाचून माझी अब्रू गेली तरी त्यांचं नाव राहील.

मी माहेरची कृष्णाकाठची. शाळा सातवीत सुटली आणि अठराव्या वर्षी लग्न होऊन थेट वरोऱ्याला आले. (वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं, 'नागपूरजवळ आहे.' नागपूर आपल्यापासून किती लांब आहे, ते कुणी विचारलंच नाही!) सासरची माणसं चांगली, पण मी धसका घेतलेली. चहात साखर जास्त पडली तरी वाटायचं, आता मला परत पाठवतात.

लग्नाला पाच महिने झाले आणि वर्धा नदी फुगली. काठच्या गावांतली माणसं आणून रेल्वे फाटकापलीकडच्या शाळेत ठेवली. पाणी ओसरल्यावर सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला सिंदेवाहीला निघाल्या. नवरा त्यांना सोडायला गेला. निघताना सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "सपरीतली मोठी भांडी कोणी मांगाले आलं त देऊन टाकजो वो. नाई म्हणू नको."

दुसऱ्या दिवशी दारात ट्रॅक्टर. भोंग्यावर ओरडत होते, "पूरग्रस्तांसाठी भांडी द्या, कपडे द्या, पांघरुणं द्या!"

मी सासूबाईंना मनातल्या मनात हात जोडले. काय बाई आहे! ट्रॅक्टर यायच्या आधीच सांगून गेली!

गल्लीतून कुणी चादर दिली, कुणी दोन पेले. मी सपरीतून, म्हणजे पडवीतून, तांब्याचे चार गंज काढले. (मोठ्या पातेल्याला इकडे गंज म्हणतात.) एकेक असा, की आत मी मांडी घालून बसले असते. ट्रॅक्टरवरचा माणूस चाचरला. "बाई, घरी विचारलं काय?"

"विचारायचं काय? सासूबाई सांगूनच गेल्यात!"

लहानपणी आमच्या घरात पाणी शिरलं होतं, तेव्हा कुणीतरी दिलेल्या पातेल्यात आईनं पहिला भात शिजवला होता. कुणी दिलं, ते आजवर कळलं नाही. ते पातेलं आठवलं, डोळे भरून आले, आणि त्या भरात मी झारे आणि वाढायच्या बादल्यासुद्धा देऊन टाकल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरचे नामदेवभाऊ आले. त्यांचे नव्वदीचे वडील नुकतेच गेले होते.

"सूनबाई, गंज काढून ठेवजा. उद्या आबाची तेरवी हाय. तीनशे पान हाय."

"कोणते गंज?"

"कोणते म्हणजे? गल्लीचे! या वर्साले तुमच्याच घरी हायेत नं?"

तेव्हा उजेड पडला. पंगतीची भांडी सगळ्या गल्लीची मिळून होती. एकेक वर्ष एकेका घरी राहायची आणि ज्याच्याकडे कार्य, तो मागून न्यायचा. 'मांगाले आलं त' म्हणजे हे! भांड्यांवर गल्लीचं नावही कोरलेलं होतं म्हणे. पण बुडाला बोटभर काजळी, मी वाचणार काय!

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडानं भलतंच सांगितलं. "गंज होय? ते… कल्हईला दिलेत."

"कल्हईले!" नामदेवभाऊ हरखलेच. "आजवर कोणाले सुचलं नाई हे. कमालची सून आणली बापा!" आणि ते गल्लीभर माझी तारीफ करत सुटले.

मी मागच्या दारानं धावत करीमभाईंच्या दुकानात. दुकान म्हणजे कडुनिंबाखाली एक भट्टी, एक भाता आणि पांढऱ्या दाढीचे करीमभाई.

"करीमभाई, माझे चार गंज तुमच्याकडे आहेत."

"माह्याकडे? मले त दिसून नाई राह्यले."

"दिसणार कसे? ते पूरग्रस्तांकडे आहेत!" आणि मी रडायलाच लागले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, फक्त दाढी दोनदा हलली. एवढ्यात नामदेवभाऊ तिथंही हजर! "करीमभाई, झाले काय गंज?"

मी डोळे पुसून भाता न्याहाळायला लागले.

"भट्टीच पेटवली नाई अजून," करीमभाई शांतपणे म्हणाले. नामदेवभाऊ गेल्यावर माझ्याकडे वळले. "बेटा, मी झूठ नाई बोलत. पण भट्टी नाई पेटवली, हे त खरंच हाय."

त्यांनी हातगाडी काढली. पुढे ते, मागे पदर ओढून मी. फाटक ओलांडून शाळेत पोचलो, तर माझे चारही गंज चुलीवर! दोनात खिचडी, एकात वरण, एकात पाणी. ढवळणाऱ्या म्हातारीनं मला ओळखलं. "हेच ते बाई, गंजवाली! ये वो माय, बस. दोन घास खाय." मागायला गेलेल्या मला त्यांनी पत्रावळ मांडून बसवलं. घरदार वाहून गेलेली माणसं मला आग्रह करत होती, "घे नं अजून, लाजतं काऊन?" मी मान खाली घालून तीनदा खिचडी घेतली. गंज मागायची वेळ आली की तोंडात घास टाकायचे.

करीमभाई मात्र रिकाम्या होत आलेल्या गंजात डोकं घालून बसले होते. बाहेर आले ते गंभीर. "आजी, याची कल्हई पार उडाली हाय. यात उद्या कढी कराल त सारा गाव पोट धरून बसन."

"मंग कशात शिजवाव बापा?"

"आमच्या जमातीच्या डेगी, झारे, बादल्या रिकाम्या हायेत. मागल्या महिन्यात मीच कल्हई केली. आता आणतो. पाहिजे तोवर ठेवा. हे सारं मी घेऊन जातो."

म्हणजे माझी थाप खरी निघाली! कल्हईची गरज होतीच! मला इतका आनंद झाला की म्हटलं, भाता मीच मारते. आणि मारला! दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. नवसागराच्या धुरानं डोळे लाल, लुगड्याला ठिणग्यांची अकरा भोकं, दंड असे भरले की पुढं दोन दिवस वेणी घालता आली नाही. पण गंज चांदीसारखे झळकले. काजळी निघाल्यावर गल्लीचं नावही स्वच्छ दिसलं.

तेरवीची पंगत बसली. नामदेवभाऊ प्रत्येक पाहुण्याला गंजात डोकावायला लावत होते. तेवढ्यात शाळेतली ती म्हातारी आली. आबा तिच्या गावाकडचे, ओळखीचे निघाले! गंज बघून ती भर पंगतीत हात उंचावून म्हणाली, "अवो, हे त आमचे गंज! या माउलीनं आम्हाले दान देले होते! दोनशे माणसं जेवलो यात!"

तीनशे पानांवर हात थांबले.

नामदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. मी माहेरच्या गाडीची वेळ आठवायला लागले. मग ते म्हणाले, "म्हणजे आबाच्या तेरवीच्या आधी दोनशे गरीब जेवले, गल्लीच्या गंजात? वाढा रे बुंदी!"

सासूबाईंना सिंदेवाहीत बातमी माझ्या पत्राआधी पोचली. आल्या आणि पहिलं काय केलं, तर घरातली भांडी मोजली.

करीमभाईंनी माझ्यासाठी जे केलं, ते मी एक दिवस फेडणार आहे. त्यांना तसं सांगितलंही. "आमच्याकडून काहीतरी घ्यावंच लागेल," म्हटलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. "दे बेटा, जरूर दे. पण जे तुह्यं स्वतःचं असन, तेच दे."

तेव्हापासून शोधतेय, या घरात नक्की माझं असं काय आहे. सापडलं की पहिलं त्यांच्याच दारात नेऊन ठेवीन!