नायकाला जाब विचारणारे खोमणे सर

खोमणे सरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या रागामुळे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एका जुन्या, गाजलेल्या बंगाली कादंबरीचा मराठी अनुवाद होता. 'नायकाचे व्यक्तिचित्रण करा' या प्रश्नाला मी गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवून दिलं: नायक ध्येयवादी आहे, त्यागी आहे, निष्कलंक आहे. सरांनी माझी वही सगळ्या वर्गासमोर उंच धरली.

"वडगाव निंबाळकरवरनं रोज एसटीनं येतेस ते हे उतरवायला? पुस्तक वाचलंस का?"

"नाही, सर."

"मग वाचल्याशिवाय माझ्या तासाला बसू नकोस."

दोन दिवस मी घरी राहिले. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता मांडीवर ती कादंबरी उघडी ठेवून वाचली आणि तिसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसले. सरांनी एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, तेव्हा ते नुसते "बस" म्हणाले. त्यांच्याकडून मिळालेलं ते माझं पहिलं कौतुक.

सर वाढले भवानीनगरला. वडील साखर कारखान्यात कामाला होते आणि शेजारच्या खोलीत एक बंगाली केमिस्ट राहत. त्यांच्याकडून सर शाळकरी वयातच बंगाली वाचायला शिकले. त्यामुळे अनुवाद शिकवताना ते मूळ पुस्तक हातात घेऊन येत आणि अनुवादकाने कुठे अंग चोरलं आहे ते दाखवत. त्या कादंबरीच्या नायकावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. शहरातली नोकरी सोडून तो नदीकाठच्या एका खेड्यात जातो आणि मुलींची शाळा काढतो. जागा गावच्या जमीनदाराने दिलेली असते. पुढे त्या जमीनदाराचा मुलगा शाळेतल्या एका विधवा शिक्षिकेवर हात टाकतो आणि बदनामी होते ती तिचीच. नायकाला सगळं ठाऊक असतं. पण बोललो तर शाळा बंद पडेल म्हणून तो गप्प राहतो. ती बाई होडीत बसून गाव सोडते. शाळा टिकते. नायक आयुष्यभर आतल्या आत जळत राहतो, आणि ते जळणं शिकवताना सरांचा आवाज भरून येत असे.

एकदा काटेवाडीची सविता उभी राहिली. माझी मैत्रीण, एकाच बाकावर बसायचो आम्ही. तिने विचारलं, "सर, त्या बाईचं पुढं काय झालं?"

"तो कादंबरीचा विषय नाही, बाळ. बस खाली."

सविता बसली. मला हळूच म्हणाली, "मग कुणाचा विषय हाय?"

आता मी जे लिहिणार आहे ते लिहू नये, असा निरोप मला सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीकडून दोनदा आला. कार्यवाह फोनवर फार गोड बोलले. "मॅडम, तुमचा लेख हवाच. फक्त तो जुना प्रसंग तेवढा वगळा. संस्थेचे पदाधिकारी व्यासपीठावर असणार, वातावरण बिघडायला नको." मी त्यांना विचारलं, की तो प्रसंग वगळला तर सरांबद्दल सांगायचं काय उरतं? सर वक्तशीर होते, हे? त्यांचं अक्षर सुंदर होतं, हे? मी सविताला काटेवाडीला फोन केला. ती म्हणाली, "लिही. माझं नाव घालून लिही. मी काय चोरी केली न्हाय." तेव्हा हा लेख छापायचा तर पूर्ण छापावा, नाहीतर परत पाठवावा.

कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या व्हरांड्यात संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पुतण्याने सविताचा हात धरला. तो आमच्या कॉलेजात शिकतही नव्हता. गाडी लावून फाटकापाशी बसायचा आणि वाटेल तेव्हा आत शिरायचा, त्याला कोण अडवणार? सविताने हात सोडवायला झटका दिला, तिच्या बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. तिने त्याच्या कानाखाली मारली. मी तिच्यापासून चार पावलांवर उभी होते.

अर्ध्या तासात प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. सविताच्या मनगटाला माझा रुमाल बांधलेला होता. प्राचार्यांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि सांगितलं, "माफीनामा लिही. बाहेरच्या माणसावर हात उचललास, कॉलेजची अब्रू गेली." मला विचारलं, "तू काय पाहिलंस?" आणि मी म्हणाले, "मला नीट दिसलं नाही, सर." हे वाक्य माझं आहे. आज स्वतः मराठी शिकवते, मुलींना धीट व्हा म्हणून सांगते, आणि ते वाक्य आठवलं की माझीच मला किळस येते.

त्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर खोमणे सर बसले होते. मराठीचा पदव्युत्तर विभाग सुरू व्हावा म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं हेलपाटे घातले होते, आणि त्याची फाईल त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या टेबलावर होती. सविताने उजव्या, दुखऱ्या हाताने माफीनामा लिहिला. सर खिडकीबाहेर बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सविता आली नाही. वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं.

चौथ्या दिवशी सरांचा तास होता. होडीचं प्रकरण शिकवायचं होतं. सरांनी दोन परिच्छेद वाचले आणि थांबले. सविताच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग पुस्तक मिटून माझ्यापाशी आले.

"त्या दिवशी तुला काय दिसलं?"

मला रडू फुटलं. "सगळं दिसलं, सर."

"मलाही सगळं कळलं होतं. लिहून देशील?"

"देईन."

"घरचे रागावतील."

"रागावू द्या."

आम्ही दोघं प्राचार्यांच्या खोलीत गेलो. सरांनी लेखी दिलं: 'माफीनामा माझ्यासमोर दडपणाखाली लिहून घेतला आणि मी तो लिहू दिला.' खाली माझा जबाब जोडला. प्राचार्य म्हणाले, "खोमणे, विभागाचं काय होईल, विचार केलात का?" सरांचा आवाज इतका चढला, की बाहेर शिपाई दारात येऊन उभे राहिले. "चार दिवस तोच विचार केला! त्याचीच लाज वाटते मला!"

तक्रार पोलिसांपर्यंत गेली. तो माणूस पुन्हा फाटकावर दिसला नाही. माफीनामा रद्द झाला. पदव्युत्तर विभाग दुसरीकडे गेला आणि सरांची बदली इंदापूर तालुक्यातल्या एका आडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात झाली. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. ज्येष्ठता असून प्राचार्यपद मिळालं नाही. निरोप समारंभाला संस्थेतून कुणी फिरकलं नाही. आज तीच संस्था त्यांच्या पंचाहत्तरीचा मांडव घालते आहे आणि निमंत्रणपत्रिकेवर छापते आहे, 'आमचे ध्येयवादी नायक'! तुमचे? कधीपासून?

बदलीपेक्षा सरांना दुसरीच गोष्ट लागून राहिली होती. लेखी दिलं त्याच्या पुढच्याच रविवारी ते आणि त्यांच्या पत्नी शालिनीकाकू काटेवाडीला सविताच्या घरी गेले. मीही सोबत होते. सविताचे वडील, तात्या, गोठ्यापुढे धार काढायची चरवी घेऊन उभे होते. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"सर, माफी लिवून घेतली तवा तुमी तितंच व्हता न्हवं?"

"होतो."

"मग?"

"गप्प बसलो, तात्या. चूक झाली."

तात्यांनी चरवी खाली ठेवली. "लई शिकल्याली मानसं तुमी," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. काकूंनी सविताला जवळ घेतलं. आम्ही चहा न पिता परत आलो.

सर पुढच्या रविवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तात्यांनी बाज टाकली. मग सविताचा बहिःस्थ परीक्षेचा अर्ज भरला गेला. काकू इतिहास घेत, सर मराठी आणि अर्थशास्त्र. अर्थशास्त्र सरांना येत नव्हतं. ते आधी स्वतः शिकत आणि मग शिकवत. सविता बी.ए. झाली. आज तिची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे, पंधरा बायका तिच्याकडे कामाला आहेत, आणि एखादा दुकानदार तिच्या बाईला वेडंवाकडं बोलला तर ती स्वतः तिथे जाऊन उभी राहते.

बदलीच्या गावी सरांनी त्या नायकावरचा आपला जुना लेख फाडून टाकला आणि नव्याने लिहिला. आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाने तो नाकारला. नंतर बाहेरच्या एका लहान मासिकात आला. त्यात सर नायकाला दुष्ट म्हणत नाहीत. त्याचं शिकवणं, त्याची साधी राहणी, मुलींविषयीची कळकळ, सगळ्याला ते पुरती दाद देतात. आणि मग विचारतात, की त्याचं दुःख सांगायला लेखकाने चाळीस पानं खर्च केली आणि त्या बाईला होडीत बसवायला चार ओळी, हे आपण वाचकांनी कसं चालवून घेतलं? मीही वीस वर्षं ते तसंच शिकवलं, असं त्यांनी स्वतःबद्दल उघड लिहिलं आहे. लेखाच्या शेवटी एक टीप आहे: 'हा प्रश्न प्रथम माझ्या विद्यार्थिनीने विचारला. तेव्हा मी तिला खाली बसवलं होतं.'

मी सरांवरही रागावले होते. ते चार दिवस मी त्यांना बरीच वर्षं माफ केले नव्हते. एकदा भवानीनगरला त्यांच्या घरी बोलूनही दाखवलं. सर शांतपणे म्हणाले, "माफ करू नकोस. माझ्यावर कधी लिहिलंस तर तेवढं आधी लिही." म्हणून, सर, लिहिलं.

मागच्या महिन्यात त्यांना भेटायला गेले होते. हृदयाचं दुखणं झाल्यापासून डॉक्टरांनी चिडायला मनाई केली आहे. सर ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते, कुठल्याशा बातमीवर तांबडेलाल झालेले. मी काकूंना म्हटलं, "काकू, यांना आवरा की." काकू शेंगा सोलत हसल्या. "अगं, चिडले म्हणजे बरे आहेत. गेल्या वर्षी पंधरा दिवस कशावरच चिडले नाहीत, तेव्हा मी घाबरले होते."

सर, तुम्हाला आणि काकूंना भरपूर आयुष्य मिळो. गुडघे चालते राहोत, नजर शाबूत राहो, जेवण गोड लागो. डॉक्टर काहीही सांगोत, तुम्ही असेच चिडत राहा. आणि सत्काराच्या दिवशी माईक हातात आला, की आभार वगैरे मानू नका. जे बोलायचं आहे ते बोला. आम्ही पहिल्या रांगेत बसलेल्या असू, सविता आणि मी. या वेळी कुणी तुम्हाला थांबवायला उठलं, तर आम्हीही उठू.