रसूल मिस्त्रीची जीप आणि जर्मनाचा धूर

...तर चौदावा बोल्टही सायबानं तपासला, आणि तोही बरोबर निघाला. काल इथवर आलो होतो, तिथनं पुढं ऐका. चौदाच्या चौदा बोल्ट रसूलनं नुसत्या हाताच्या अंदाजानं आवळलेले, आणि एकही मापाबाहेर नाही! दुसरा कुणी असता तर त्यानं पाठ थोपटून चहा पाजला असता. त्या जर्मन सायबानं काय करावं? सगळे बोल्ट परत ढिले करायला लावले, मापाचा काटा असलेला पाना रसूलच्या हातात दिला आणि आपल्या तोडक्या हिंदीत म्हणाला, "हात तेरा सच्चा. पर तूने नापा नहीं, और कागज पे लिखा, नापा. तू झूठा."

चोवीस वर्षांचा रसूल त्या दिवशी जेवला नाही. नुसता साहेबाचा राग आला असता तर शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण माणूस बरोबर असूनही खोटा असू शकतो, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरेना.

हे मस्कतच्या गॅरेजातलं, चाळीसएक वर्षांमागचं. रसूल मूळचा जतचा. बाप गाद्या पिंजायचा, खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव हिंडायचा. पोरगा सातवी पास झाला तोवर तयार गाद्यांची दुकानं निघाली आणि धनुकली खुंटीला लागली. मग रसूल मिरजेला ट्रकच्या गॅरेजात, आणि तिथनं थेट मस्कतला. सहा वर्षं त्यानं त्या जर्मन साहेबाच्या हाताखाली काढली.

दुपारच्या सुट्टीत साहेब आपल्या देशातल्या एका मोटार कंपनीची कथा सांगायचा. हिटलरच्या राज्यात कारखाना उभा राहिला, गरिबाला परवडंल अशी गाडी काढायची म्हणून. लोकांनी दर आठवड्याला पैसे भरून वहीत तिकिटं चिकटवली. साहेबाच्या बापानंही चिकटवली. वही भरली, गाडी काही दारात आली नाही. लढाई लागली, कारखान्यातनं लष्कराच्या गाड्या निघायला लागल्या, आणि त्या करायला मुलखामुलखातनं धरून आणलेली माणसं उपाशीतापाशी जुंपली. पुढं लढाई संपली, आणि पडक्या छपराखाली एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं कारखाना पुन्हा चालू केला. मग निघाली ती भुंगेऱ्याच्या पाठीसारखी गोल गाडी, जी साऱ्या दुनियेत पळाली. रसूलनं ह्यातली शेवटची, चांगली अर्धी गोष्ट तेवढी गाठीला बांधली. आधीची अर्धी मस्कतच्या वाळूत सोडून आला.

परत आल्यावर त्यानं कवठे महांकाळच्या बाहेर, जतकडं रस्ता फुटतो तिथं, पत्र्याचं शेड घातलं. बघता बघता मिस्त्रीचं नाव झालं. जुनी गाडी घेणारा माणूस आधी ती रसूलकडं आणायचा. मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. पाव मिनिट. मग घेणाऱ्यानं आणलेला नारळ हातात घेतला, तर सौदा पक्का. नारळाकडं न बघता हात पुसायला गेला, तर सौदा मोडला. एका नवरदेवाच्या बापानं आठ माणसांदेखत चिडून विचारलं, "मिस्त्री, आवाज तर झ्याक हाय की!" तर हा म्हणतो, "झ्याक हाय. पर ह्यो आवाज चार दिसांमागं कुणीतरी बसवलाय." आणि खरंच, इंजिनात घट्ट तेल ओतून खडखड दाबलेली निघाली.

आणि ह्या माणसाच्या तोंडात सदा एकच पालुपद, जर्मनी. बोल्ट नीट बसला की "जर्मनी बसला". खरं बोलणारा माणूस भेटला की "जर्मन माणूस हाय गड्या". नानासो हवालदार फौजेतनं निवृत्त होऊन आले आणि कुठली गाडी घेऊ म्हणून विचारायला आले, तेव्हा रसूलनं त्यांना साहेबाच्या गोष्टीतल्या त्याच कंपनीची डिझेल गाडी घ्यायला लावली. नारळ स्वतः आणला, स्वतः फोडला. त्यानंतर आसपासच्या आणखी चार-पाच जणांनी हवालदाराकडं बघून तीच गाडी घेतली.

मग एक दिवस, दोन हजार सोळा साल असंल, हवालदार कागद फडकवत शेडात आले. कंपनीचं इंग्रजी पत्र.

"मिस्त्री, तुझ्या जर्मनानं गाडी परत बोलवलीया रं. काय केलं म्या?"

रसूलचा पोरगा अजमल बाहेरच्या टपरीत गाड्यांचा धूर तपासून पीयूसीचे दाखले द्यायचा. त्याला हाक मारली. अजमलनं पत्र वाचलं, मग मोबाईलवर आणखी काय काय वाचलं, आणि हसायलाच लागला.

"अब्बा, तुमच्या जर्मनानं लय मोठा झोल केलाय. गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवलं व्हतं. तपासणी चालू झाली की त्येला वळखू यायचं. तेवढ्यापुरता धूर साफ. रस्त्याला लागली की हाय तसा काळा कारभार. अमेरिकेतल्या कुठल्या तरी कॉलेजवाल्यांनी पाठीमागं यंत्र बांधून गाडी रस्त्यावरनं पळवली, तवा सापडलं."

"चुकून झालं आसंल," रसूल म्हणाला.

"चुकून? मुद्दाम लिहून घातलंय अब्बा. लाखो गाड्यांत."

रसूल हातातला पाना ठेवायला विसरला. समोर चहा होता. एक घोट घेतला आणि थुंकला. "डिझेल प्याल्यावानी लागतोय," म्हणाला. त्या दिवसापासनं त्याला त्या कंपनीची शिसारी बसली. नुसता राग असता तर चार दिवसांनी ओसरला असता. ही शिसारी ओसरेना. त्या बनावटीची गाडी रस्त्यानं गेली तरी तो मान फिरवायचा. शेडातल्या भिंतीवर त्या गोल गाडीचं चित्र होतं, मस्कतहून आणलेलं. ते काढून त्यानं गिऱ्हाइकाच्या तेलगळतीखाली अंथरलं. आणि साहेबानं सांगितलेली आधीची अर्धी गोष्ट, वाळूत टाकलेली, ती आता परत यायला लागली. भरून वाया गेलेल्या वह्या. जुंपलेली माणसं. "मुळातच सडकं व्हतं," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "वरनं रंग दिला, आन् आमी रंगाला भुललो. थू!"

सगळ्यात जास्त किळस त्याला लोकांची आली. तो हवालदाराच्या दारात गेला, हात जोडून म्हणाला, "माझ्या शब्दावर गाडी घेतलीसा. माझा शब्द खोटा पडला." हवालदार म्हणाले, "आरं गप! गाडी पळती, ॲव्हरेज देती. धूर मागनं जातोय, मी म्होरं बसतोय." बाकीच्या चार-पाच घरांतही हेच. कुणाला काही वाटलंच नाही. रसूल परत आला तो पान तोंडात धरून बसलेल्या माणसासारखा, तोंड घट्ट मिटून.

महिनाभर हे चाललं. जेवताना जर्मन, झोपताना जर्मन. त्याची बायको शमशाद तशी मितभाषी बाई. एका सकाळी ती डबा घेऊन शेडात आली, तर हा टपरीच्या बाकावर बसून एका टँकरवाल्याला तीच कथा ऐकवत होता. टँकर जतकडं पाणी नेणारा, बुजुर्ग, धूर असा की मागची बाभळ दिसत नव्हती. अजमलनं टपरीतनं मोबाईलचा कॅमेरा धरून टँकरच्या नंबरचा फोटो घेतला आणि दोन मिनिटांत दाखला छापून दिला. टँकरवाला गेला.

शमशादनं डबा बाकावर ठेवला.

"आवं, एक इचारू? तपासणीचा पाईप त्या टँकराला लावलाच न्हाई की."

"हॅ, ती पद्धतच हाय. सगळीकडं असंच चालतंय."

"मग पाईप कुठं लावलाय?"

रसूलनं बोट दाखवलं आणि बोट तिथंच थांबलं. टपरीच्या मागं त्याची स्वतःची जुनी जीप उभी होती. तिच्या धुराड्यात तो पाईप कायमचा खोचलेला. यंत्राला धूर द्यायचा जीपचा, आणि फोटो घ्यायचा भलत्याच गाडीचा. कवठे महांकाळपासनं जतपर्यंत जेवढ्या गाड्यांचे दाखले ह्या टपरीतनं गेले, तेवढ्यांनी ह्या एकट्या जीपचा धूर सोडला होता. आणि ही जीप का निवडली? तर तालुक्यात तिच्याइतकं साफ इंजिन दुसरं नव्हतं म्हणून. दर महिन्याला रसूल स्वतःच्या हातानं ती खोलायचा, मापानं आवळायचा.

"त्या जर्मनाला तरी कॉम्प्युटर लागला," शमशाद म्हणाली. "तुमी त्यो झोल आपल्या हातानं घडवलाय." आणि डब्याचं झाकण काढून भाकरी वाढायला लागली.

त्यानं भाकरीला हात लावला नाही. टपरीवरची पाटी बघितली. पाटीवर नाव अजमलचं नव्हतं, परवाना त्याच्याच नावावर होता, रसूल पिंजारी. रोज ह्याच बाकावर बसून तो चहा प्यायचा, तो पाईप त्यानं हजारदा बघितला असंल. डोळ्यापुढं होता, पण नजरेत नव्हता. आता मात्र त्याला आपल्याच हातांचा वास यायला लागला. उठला, रॉकेलनं हात धुतले, साबणानं धुतले, परत वास घेतला आणि परत धुतले.

मग जीपमागं गेला आणि पाईप उपसून काढला.

"अब्बा, काय करताय?" अजमल टपरीतनं बाहेर आला.

"आजपासनं जी गाडी येईल, तिच्यातच जाईल ह्यो. न्हाई पास झाली, तर दाखला न्हाई."

"निम्म्या गाड्या पास व्हनार न्हाईत! लोकं पुढच्या गावाला जातील. तिथं पाईप बघायलाबी मिळत न्हाई."

"जाऊ देत."

"आन् आपण काय खायाचं? जर्मनाला शिव्या?"

पहिल्या दिवशी अकरा गाड्या आल्या, त्यांतल्या सात नापास. सीटा भरून जीप पळवणारा एक वडापवाला तर म्हणाला, "मिस्त्री, डोक्यावर पडलासा का?" तिसऱ्या दिवशी चारच गाड्या. पुढच्या आठवड्यात टपरीपुढं कुत्रं झोपायला लागलं. हवालदार येऊन नुसते बसायचे. रसूल मात्र नापास झालेल्या गाडीला सोडायचा नाही. शेडात ओढून घ्यायचा, डिझेलचा पंप खोलायचा, इंजिनात डिझेल उडवणाऱ्या पिचकाऱ्या साफ करायचा, आणि परत पाईप घालायचा. काही जण पुन्हा आले. बरेच नाही आले.

आणि मग जयराजरावांचा ड्रायव्हर आला. जयराजराव म्हणजे साखर कारखान्याचे संचालक, त्यांच्याकडं जर्मन बनावटीचीच मोठी काळी गाडी. ड्रायव्हरनं मोबाईल पुढं केला; त्यात नंबरपाटीचा फोटो. "सायेब म्हणालं, दाखला काढून ठिवा."

"गाडी कुठाय?"

"बंगल्यावर."

"मग धूरबी बंगल्यावरच हाय."

तासाभरात जयराजराव स्वतः आले. त्याच काळ्या गाडीतनं उतरले, पांढऱ्या कपड्यांत, आणि शेडातला तेलाचा चिखल चुकवत चार पावलं आत आले. अजमल झटकन उठून उभा राहिला. ह्या एका माणसाच्या शब्दावर कारखान्याच्या दीडशे ऊस-वाहनांचे दाखले ह्या टपरीत येत होते. आज हा माणूस बिथरला, तर टपरी बंद. ते अजमललाही कळत होतं, रसूललाही.

"मिस्त्री," जयराजराव हसत म्हणाले, "तुमचं नाव हाय म्हणून आलो, न्हाईतर सांगलीला माणूस पाठवून दहा दाखले आणले असते. ह्या गाडीला पाईप लावणार व्हय तुमी? पंधरा दिवसांमागं तर सर्व्हिसिंग झालीय. गाडी साफ हाय, तुमाला बी ठावं हाय."

"साफ आसंल," रसूल म्हणाला.

"मग?"

रसूल उठला. पाईप हातात घेऊन तो त्या काळ्या गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला. अजमल हळूच म्हणाला, "अब्बा, सोडा की." हवालदारांनी बाकावरनं मान वर केली. जयराजरावांचं हसू गेलं. ते जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, सबंध जिल्हा असंच करतोय. तुमी कोण लागून गेलासा? एका नळीची येवढी किळस कशापायी?"

रसूलनं गाडीच्या धुराड्यात पाईप सरकवला, कंबर सरळ केली आणि म्हणाला:

"जयराजराव, नळीची किळस न्हाई मला. त्या जर्मनाला धरायला समुद्रापल्याडची शिकली-सवरली माणसं लागली. मला कोण धरणार हाय? तुमी? तुमी तर आधी नुसता फोटो धाडलासा. म्हणून माझं मलाच धराय लागतंय, आन् रोज सकाळी उठून धराय लागतंय. गाडी साफ हाय म्हणताय ना? मग भ्या कशाला? दीडशे गाड्या न्यायच्या तर न्या सांगलीला, म्या अडवत न्हाई. पर ही एक आता माझ्या दारात हाय. बसा आत, चालू करा, आन् म्या सांगतो तवा ॲक्सिलेटर दाबा. चार येळा."