चारी कोपरे शाबूत

वच्छलाबाई वारल्याची खबर वैजापूरजवळच्या त्यांच्या माहेरच्या वाडीत पोचली, तेव्हा वच्छलाबाई औरंगाबादेत, पदमपुऱ्यातल्या आपल्या खोलीत, चकल्या तळत होत्या. आणि ती खबर धाडली होती खुद्द वच्छलाबाईंनीच, स्वतःच्या हातानं, तिकीट चिकटवून.

हे कसं घडलं ते कळायला थोडं मागं जायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या नवऱ्यानं, त्रिंबकनं, मेंढरं विकली आणि बायको-लेकरांना घेऊन तो शहरात आला. औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात त्याला पुस्तकं बांधायचं काम लागलं. रानोमाळ हिंडलेल्या माणसाला एका जागी बसून कागद शिवायचे म्हणजे शिक्षाच, पण तो शिकला. वच्छलाबाईंना मात्र शहरानं नुसतं बसवून ठेवलं. एक खोली, दोन लेकरं, नळाची वेळ, आणि उरलेला अख्खा दिवस. जिनं जन्मात कधी दुपारी पाठ टेकली नाही, तिला रिकामा वेळ म्हणजे डोक्यावरचं ओझंच.

एका डिसेंबरात त्रिंबकनं छपाईत बिघडलेलं एक शुभेच्छापत्र घरी आणलं. त्यावर गुलाबाचं फूल होतं, रंग पाकळीच्या बाहेर सांडलेला, आणि खाली इंग्रजीत काहीबाही. वच्छलाबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"हे लोक इकत घेत्यात?"

"घेत्यात की. गुलमंडीला दुकानात टांगलेले असत्यात."

"मग ह्यापरीस बरं मला येईल."

बोलून गेल्या आणि बोललेलं खरं करायला बसल्या. हा त्यांचा जन्माचा स्वभाव, आणि तो आईवर गेला होता हे पुढं दिसेलच. त्रिंबक कापलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या आणायचा. वच्छलाबाई त्यावर कोळशानं चित्र काढायच्या, दाभणानं भोकं पाडायच्या आणि त्यातून रंगवलेल्या लोकरीचा दोरा ओवायच्या. भोकं जवळ पडली की कागद फाटायचा, लांब पडली की चित्र ओळखू यायचं नाही. पहिली वीस-पंचवीस कार्डं चुलीत गेली. मग हात बसला. गल्लीत कुणाचं बारसं असो, कुणाची पोर मॅट्रिक पास होवो, वच्छलाबाईंचं कार्ड पोचायचंच. त्रिंबकनं शिकवलेल्या सुट्या सुट्या अक्षरांत त्या मागं दोन ओळी लिहायच्या. पोट भरायचा उद्योग नव्हता तो, हौस होती. पण हौसेच्या बाबतीत त्या कामापेक्षा कडक होत्या, एक टाका वाकडा गेला तर सगळं उसवायच्या.

एकोणऐंशीच्या दिवाळीला त्यांनी आपल्या आईसाठी, पुतळाबाईंसाठी, कार्ड केलं. आजवर आईला कधी धाडलं नव्हतं, हात नीट बसल्याशिवाय धाडायचं नाही असं ठरवलं होतं. चित्रात पदर घेऊन बसलेली एक बाई आणि तिच्यापुढं पेटलेली पणती. डोळे शिवणं काही केल्या जमेना, म्हणून बाईच्या पापण्या मिटलेल्या दाखवल्या. कागदाच्या एका कोपऱ्याला मशीनची शाई लागली होती. वच्छलाबाईंनी तो कोपरा तिरपा कापला आणि कापलेल्या कडेला हिरव्या दोऱ्याचा काठ घातला. तो इतका झोकात दिसला की शाई लागली तेच बरं झालं असं त्यांना वाटलं.

आता कोपऱ्याची गोष्ट. खेड्यात कुणी वारलं की पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडून ते सोयऱ्यांना धाडायची रीत. वाचता येवो न येवो, कोपरा नसलेलं कार्ड दिसलं की बाया रडायला बसायच्या. ते कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. वच्छलाबाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण कात्री हातात आली की त्यांना जगाचा विसर पडायचा, आणि सात वर्षं शहरात राहून असले कागद डोळ्यांआड झाले होते.

पुतळाबाईंना अक्षर येत नव्हतं. निजामाच्या राज्यात वाडीला शाळा नव्हती, आणि पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेल्यावर शाळा आली तेव्हा त्या लेकुरवाळ्या होत्या. कागद वाचून दाखवणारे गुरुजी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलेले. पोस्टमन "औरंगाबादेहून हाय" म्हणाला, पाकीट हातात ठेवून सायकलवर टांग टाकून निघून गेला. पुतळाबाईंनी पाकीट उघडलं आणि जे दिसलं ते वाचलं. कोपरा नाही. बाई डोळे मिटून. तिच्यापाशी दिवा. यात न कळण्यासारखं काय होतं? त्यांनी कार्ड फाडून फेकलं आणि जो हंबरडा फोडला तो ऐकून रानातली माणसं घराकडं धावली.

तिसऱ्या प्रहरी पदमपुऱ्याच्या गल्लीत अकरा माणसं शिरली. पुढं धाकटा भाऊ सोनाजी, मागं पुतळाबाई, त्यांच्यामागं गळा काढलेल्या बाया. तोवर चकल्या संपून शंकरपाळ्यांची पाळी आली होती. रडणं ऐकून वच्छलाबाईंनी स्टो बारीक केला, शेजारी कुणाचं तरी बरंवाईट झालं असं समजून पदर डोळ्यांना लावला आणि शेजारधर्म म्हणून त्याही रडत बाहेर आल्या.

"कोण गेलं गं?" त्यांनी शेजारच्या भागूबाईंना विचारलं.

भागूबाईंना तरी काय ठाऊक. त्याही सगळे रडतात म्हणून रडत होत्या. तेवढ्यात सोनाजीनं बहिणीला पाहिलं आणि तो भिंतीला टेकून खालीच बसला. पुतळाबाई पुढं आल्या. लेकीच्या तोंडावरून त्यांनी हात फिरवला, दंड चाचपला.

"जिती हायेस?"

"व्हय माय. काय झालं?"

काय झालं ते सोनाजीनं सांगितलं. भागूबाई म्हणाल्या, "बरं झालं की मग, खोटी खबर उठली की आयुष्य वाढतं." दोघं-तिघं हसले. पुतळाबाई हसल्या नाहीत. अख्ख्या एस.टी.त त्यांनी छाती पिटली होती, कंडक्टरनं गाडी थांबवून त्यांना पाणी पाजलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "जितेपणी रडाय लावलंस मला. तुला यायचं तवा तू ये. पण तुझा कागद आता माझ्या उंबऱ्याच्या आत यायचा नाय." आणि घोटभर पाणी पिऊन त्या आल्या पावली परत निघाल्या.

संध्याकाळी त्रिंबकनं सगळं ऐकलं. म्हणाला, "झाली तेवढी शोभा लई झाली. उद्यापून कागद आणणार नाय मी."

"नका आणू," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी येते न्यायला."

आणि दिवाळी सरल्यावर पिशवी घेऊन त्या खरोखर छापखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मालकानं हसून रद्दीचा ढीग दाखवला. त्रिंबक आठ दिवस मान वर करून कुणाशी बोलला नाही, आणि नवव्या दिवशी निमूटपणे पुन्हा पट्ट्या आणायला लागला.

सगळ्यांनी एकच सल्ला दिला, खणनारळ घेऊन जा आणि पाया पड. वच्छलाबाई गेल्या. आईनं भाकरी थापून वाढली, पोरांची चौकशी केली, निघताना वाटीभर तूप बांधून दिलं. पण कार्डाचा विषय काढला तर म्हणाली, "तेवढं सोडून बोल." परतीच्या गाडीत ते तूप मांडीवर घेऊन वच्छलाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. आईचा राग गेला होता, यात शंका नव्हती. पण आपण या हातांनी जे करतो ते आई बघायला तयार नाही, हे त्यांना रागापेक्षा जास्त लागलं. गल्लीतल्या दहा घरांनी वाखाणलं होतं. त्या दहा घरांचं त्यांना काही वाटेना. आईनं एक कार्ड आपल्या हातानं घरात न्यायला हवं, एवढीच गोष्ट त्यांनी मनात धरली.

संक्रांतीला त्यांनी चारी कोपऱ्यांचं धडधाकट कार्ड पाकिटात घालून धाडलं. पाकीट परत आलं, वर पोस्टमननं लिहिलेलं, घेण्यास नकार. पाडव्याला धाडलं. तेही परत. सोनाजी बाजाराला आला तेव्हा म्हणाला, "आक्का, माय पाकिटाला हात बी लावत नाय. म्हणती, आत काय फाटलंय कुणाला ठावं."

हे ऐकून दुसरी बाई रडली असती. वच्छलाबाई खूश झाल्या. कुलूप कुठं आहे ते आता कळलं होतं. आईला कार्ड नको असं नव्हतं, तिला झाकलेलं नको होतं. मग उघडंच धाडायचं. पोस्टमनच्या हातात असतानाच, दहा पावलांवरून, अक्षर न येणाऱ्या माणसाला दिसलं पाहिजे की चारी कोपरे शाबूत आहेत. त्यासाठी त्यांनी चारही कोपऱ्यांना लाल लोकरीचे जाड टाके घातले.

चित्राचं काम मात्र सोपं नव्हतं. एकदा हात पोळलेला. म्हणून त्यांनी भागूबाईंना परीक्षेला बसवलं. भागूबाईंनाही वाचता येत नव्हतं, पण सांगता मात्र खूप यायचं.

वच्छलाबाईंनी फुलांचा हार दाखवला. "फोटोला घालायचा हार," भागूबाई म्हणाल्या. "कुणाचा फोटो?"

पाण्यानं भरलेला कलश दाखवला. "मडकं हाय. खांद्यावरून नेत्यात तसलं."

झाडाखालून जाणारी पायवाट दाखवली. भागूबाईंनी सुस्कारा टाकला. "गेलं बिचारं."

वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. गुलमंडीच्या दुकानात जे जे म्हणून टांगलेलं होतं, त्या प्रत्येकातून भागूबाई मयत काढून दाखवत होत्या. तीन आठवडे हे चाललं. चंद्र झाला, होडी झाली, उडणारा पक्षी झाला, आणि तिन्ही वारले. त्रिंबक म्हणायचा, "आता पुरं कर." त्या म्हणायच्या, "तुम्ही जेवा."

शेवटी एका दुपारी त्यांच्या ध्यानात आलं की आपण दुकानातली चित्रं काढतोय, आईची नाही. आईला जगात सगळ्यात चांगलं काय दिसतं? त्यांनी मेंढी काढली. नुकतीच व्यालेली, पांढऱ्या लोकरीची, मान वळवून मागं बघणारी, आणि तिच्या पोटाशी तोंड घालून पिणारी दोन कोकरं. याचा वाईट अर्थ लावणारा धनगर अजून जन्मायचा होता. भागूबाईंनी कार्ड जवळ घेऊन बघितलं. मग म्हणाल्या, "जुळं झालं की गं हिला." वच्छलाबाईंनी दाभण खाली ठेवलं.

पोस्टातल्या बाबूनं कार्ड पालथं-उताणं केलं. मागं कागद चिकटवून पत्ता लिहिला होता. "बाई, हे कार्ड आहे की गोधडी? शिक्का कुठं मारू?"

"मेंढीवर नका मारू," वच्छलाबाई म्हणाल्या. "बाकी कुठं बी मारा."

अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर कार्ड गेलं. आठ दिवस झाले, परत आलं नाही. पंधरा झाले, महिना झाला. सोनाजी मेंढरं घेऊन लांब गेलेला, विचारायचं कुणाला? परत आलं नाही म्हणजे घेतलंच असं नाही. वाटेत पडलं असेल, नाहीतर वाडीच्या उकिरड्यावर गेलं असेल. वच्छलाबाईंनी नवं कार्ड कापायला घेतलं. हे नाही तर पुढचं, पुढचं नाही तर त्याच्या पुढचं. त्रिंबकनं आता काही म्हणायचं सोडून दिलं होतं.

जेठाच्या उन्हात एक दिवस पुतळाबाई एकट्याच दारात उभ्या राहिल्या. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. वच्छलाबाईंनी पाणी दिलं, पाय धुतले, पंखा घातला. पुतळाबाईंनी बसल्या बसल्या गाठोडं सोडलं. आत धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं कार्ड होतं. ते बघून वच्छलाबाईंच्या हातातला पंखा थांबला. पोस्टानं परत केलं नाही, म्हातारी हातानं परत करायला आली. त्यांना एकदम दमल्यासारखं झालं.

"माय, चारी कोपरे हायेत की त्याला," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कोपरे मोजले मी. सड मोजलेस का तू?"

"काय?"

"मेंढीला सड किती असत्यात?"

"दोन."

"मग ही काय गाय हाय?"

वच्छलाबाईंनी कार्ड उजेडात धरलं. कोकरांच्या तोंडांच्या मधून मेंढीच्या पोटाखाली गुलाबी दोऱ्याचे चार सड डोकावत होते. तीन आठवडे डोक्यात चार कोपरे, चार कोपरे एवढंच चाललेलं, त्या नादात हातानं मेंढीलाही चार घातले होते. धनगराच्या लेकीनं. एवढ्या वेळा पाहूनही ते ना त्यांना दिसलं, ना भागूबाईंना.

"भिंतीला लावलंय मी दाराच्या समोर," पुतळाबाई म्हणाल्या. "येणारा जाणारा हसतो मला. म्हणत्यात, पुतळाबाईच्या लेकीला मेंढी ठावी नाय."

वच्छलाबाईंना पुढचं काही नीट ऐकू येईना. भिंतीला. दाराच्या समोर. तरी सवयीनं त्या म्हणाल्या, "मग निरोप धाडायचा. मी नवं करून दिलं असतं. हे कशाला परत आणलंस एवढ्या उन्हात?"

"परत कुठं आणलं?" पुतळाबाई जराशा रागानंच म्हणाल्या. "दुरुस्तीला आणलंय. माझ्या घरातलं हाय ते. चारच्या गाडीनं घेऊन जायचंय."

वच्छलाबाईंनी डोळे पुसले, कात्री घेतली आणि दारातल्या उजेडाला बसून जास्तीचे दोन सड उसवायला सुरुवात केली.